त्याच तारखेचा ओंडका

३ मार्च

भाचेबुवा,

आशीर्वाद मागाहून. आधी मला हे सांग, 'महोदया' कुणाला म्हणालास? ज्या मामीच्या कडेवर बसून तू तिच्या नव्या कपड्यांचं वाटोळं केलंस, ती महोदया? आणि खाली सही तुझी, वळणदार. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा शेजारचा शिंपी दारात उभा होता. भाच्याचं पत्र आलं म्हणून मी मोठ्या कौतुकानं त्याच्यासमोर वाचायला घेतलं. 'आपण नोंदवलेले फेब्रुवारीचे पाणीपातळीचे आकडे संशयास्पद आढळले असून सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा केंद्र बंद करण्यात येईल.' शिंप्यानं दातात सुई धरली होती, ती गिळायचीच बाकी राहिली.

तुझ्या कचेरीला नदी माहीत नसेल तर तुला तरी माहीत आहे. तीन वर्षं झाली, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, मी एकशे बारा पायऱ्या उतरते, पाण्यातल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघते, वहीत लिहिते आणि एकशे बारा पायऱ्या चढते. ताप असला तरी. पट्टीवर आकडे कोरलेत, लाल रंगात. त्यात संशय घ्यायला काय आहे? पाणी चढतंय, मी चढतंय म्हणून लिहिलं. यंदा फेब्रुवारीच्या मध्यालाच चढायला लागलं, याला मी काय करू? खाली जाऊन त्याला 'थांब बाबा, अजून वेळ आहे' असं सांगू?

फोन करणार नाही. फोनवर तू 'आवाज येत नाही मामी' म्हणून सुटतोस. कागदावर सुटता येत नाही. हाच माझा खुलासा, साहेबाला दाखव. चादरीचा भाग वगळून दाखवलास तरी चालेल.

मामी


८ मार्च

मामी,

चुकलो. ते कागद छापीलच असतात, 'महोदया'सकट. सही करताना नाव पाहिलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. पाहिलं, घाबरलो आणि तरी केली. आणि चादर नव्हती, कपडे होते, असं तूच वर लिहिलं आहेस.

आता जरा शांतपणे वाच. माझं काम म्हणजे आलेले आकडे जुन्या आकड्यांशी ताडून बघणं. तुझ्या केंद्राचे जुने आकडे म्हणजे आजीचे. एकतीस वर्षं आजीनं त्या पट्टीवर पाणी पाहिलं, आणि एकतीस वर्षं डोंगरावरचं बर्फ वितळून मोठं पाणी आलं ते अठरा ते बावीस एप्रिलच्या दरम्यान. एकदाही चुकलं नाही. आजीच्या वहीचं एक पान साहेबांच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलंय. नवीन माणूस रुजू झाला की साहेब त्याला त्या पानासमोर उभं करतात.

तुझं मात्र पहिल्या वर्षी दहा दिवस आधी, दुसऱ्या वर्षी पंधरा, आणि यंदा तर चढायलाच पाच आठवडे आधी लागलं. साहेब म्हणतात, बाई नवीन आहे, पट्टी वाचता येत नसेल किंवा घरातूनच लिहीत असेल. मी तसं म्हणत नाही. पण पट्टी कलली आहे का, एवढं बघशील?

हे नुसतं तुझ्या नोकरीपुरतं नाही. खालच्या धरणाचे दरवाजे आजीच्या आकड्यांवरून ठरतात. मोठं पाणी अठरा एप्रिलनंतर येणार म्हणून पंधरा एप्रिलपर्यंत दरवाजे उघडे ठेवून धरण रिकामं करतात. तुझे आकडे खरे असतील तर यंदाचं मोठं पाणी उघड्या दरवाजांतून सरळ समुद्रात जाईल आणि शहराला उन्हाळ्यात नळ फिरवून नुसती हवा मिळेल. एकतीस मार्चला साहेब निर्णय घेणार: तुझं केंद्र चालू ठेवायचं की बंद करून हिशेबानं आकडे काढायचे.

आजी इथे माझ्याकडे मजेत आहे. गुडघे दुखतात, पण तोंड चांगलं चालतं. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, सून पहिल्यापासून फटकळ.

तुझाच


१३ मार्च

भाचेबुवा,

पट्टी कललेली नाही. शिंप्याला ओळंबा घेऊन खाली नेलं. एकशे बारा पायऱ्यांत तो सात वेळा बसला, पण बघून आला. पट्टी सरळ आहे, त्याच्या शिलाईपेक्षा सरळ आहे. पाणी दोन मीटर चाळीस. मी एकदा वाचलं, त्यानं एकदा वाचलं, मग त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

घरातून लिहायचं म्हणतोस तर माझ्या घराला नदीकडे खिडकीच नाही. जी आहे तिच्यातून पंपवाल्याची भिंत दिसते. भिंतीवर पाणी चढत नाही.

वरून मेंढपाळ उतरला होता. म्हणाला, डोंगर काळा पडलाय. ज्या दिवसांत बर्फ पडायचं त्या दिवसांत पाऊस पडला आणि होतं नव्हतं ते बर्फही धुऊन घेऊन गेला. एवढं साधं आहे. पूर्वी बर्फ वर थांबायचं आणि हप्त्याहप्त्यानं खाली यायचं. आता थांबतच नाही, आलं की निघालं. तुझ्या मामांना सांगितलं, ते दोन महिन्यांनी ट्रक घेऊन घरी आलेत. म्हणाले, 'तू बघ काय ते.' तेवढं बोलून झोपले.

तेव्हा दरवाजे लावा. मोठं पाणी या महिन्याच्या शेवटी येणार, मी पाण्याचा रंग बघून सांगते. गढूळ झालंय आणि हात घातला तर बोटं बधिर होतात. ते वरचंच पाणी आहे.

आणि एकतीस वर्षांचं, काचेतल्या पानाचं मला सारखं ऐकवू नकोस. सासूबाईंच्या आकड्यांबद्दल मला बोलायला लावू नकोस. त्यात न गेलेलं बरं. घरातली गोष्ट आहे.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

मामी


१७ मार्च

मामी,

'वाचून दाखवू नकोस' हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस. तिथे पोचेपर्यंत मी मोठ्यानं वाचत आलो होतो. आजी समोर शेंगा सोलत बसली होती. तिनं दोनदा 'काय म्हणाली?' असं विचारलं. एरवी तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मग तिला एकदम झोप आली.

मामी, राग मानू नकोस, पण आजीच्या आकड्यांबद्दल असं अर्धवट बोलणं मला आवडलं नाही. सासू-सुनेचं जे काही असेल ते असो. ती आता तिथे नाही, तुझ्या संसारात लुडबुड करत नाही, आणि तिच्या नावानं कचेरीत लोक आदरानं बोलतात. तुझी बाजू खरी करायला तिला खाली ओढायची गरज नाही.

साहेबांना मी शिंप्याचं आणि मेंढपाळाचं सांगितलं. ते म्हणाले, शिंप्याच्या साक्षीवर मी धरणाचे दरवाजे लावू? ते म्हणाले, सासूचे आकडे बरोबर असतील तर सुनेचे चूक आहेत, सुनेचे बरोबर असतील तर सासूचे. दोन्ही खरे असू शकत नाहीत.

दोन आठवडे उरलेत.

तुझाच


२० मार्च

अरे शहाण्या,

मी तिला खाली ओढते? इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले ते कुणासाठी? ऐक आता. दार लाव आणि मनात वाच.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी शाळा दुसरीत सुटलेली होती. शंभराच्या पुढे आकडे मला तुझ्या आजीनं शिकवले, त्याच नदीच्या वहीत, चुलीजवळ बसून. म्हणून गप्प होते. आणि वही चुलीजवळ कशी, हा प्रश्न तुझ्या साहेबाला कधी पडला नाही?

पहिली काही वर्षं ती खाली जायची. मग गुडघे गेले. थंडीत पायऱ्या निसरड्या होतात. तेव्हा ती गेल्या वर्षीचं पान काढायची आणि समोर ठेवून नवीन पान लिहायची. अगदी तेच नाही, इथे दोन वाढव, तिथे एक कमी कर, चवीपुरतं. सकाळी सहाला चहा पिताना सहाचा आकडा लिहायची, बाराचाही लिहायची, आणि हात चाललाच असेल तर संध्याकाळचाही. वर्षातून एकदा, वीस एप्रिलला, तपासनीस यायचा. त्या दिवशी ती काठी टेकत खाली जायची, आणि पाणी वहीत लिहिलं होतं तिथेच उभं असायचं. दर वर्षी. मी डोळ्यांनी पाहिलंय. ती खोटं लिहायची आणि नदी ते खरं करून द्यायची, इतकी ती नदी वक्तशीर होती.

मग शेवटची दहा वर्षं तपासायला कुणी आलंच नाही. नदीनं वेळ सोडली, वहीनं नाही सोडली. मी धुणं घेऊन जायची तेव्हा मार्चमध्येच माझा धुण्याचा दगड बुडालेला असायचा. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, तो दगडच खचला असेल.

पुरावा पाहिजे तुला. वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. एका वर्षी सात मार्चला तिनं लिहिलं होतं, 'दुपारी पट्टीवर ओंडका अडकला.' पुढच्या वर्षीचं पान उतरवताना तिनं ओंडकाही उतरवला. त्याच्या पुढच्या वर्षीही. आठ-नऊ वर्षं तरी तो ओंडका त्याच दिवशी, दुपारीच, त्याच पट्टीवर येऊन अडकतोय. जुन्या वह्या काढ आणि सात मार्च बघ.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण खाली त्या शहरात माणसं राहतात, तूही राहतोस, ती स्वतः राहते. काल पाणी दोन मीटर पंच्याऐंशी होतं. आज तीन मीटर पाच आहे. ओंडका बघ आणि दरवाजे लावायला सांग.

मामी


२७ मार्च

मामी,

आधी माफी. बाकीचं सांगितल्यावर आणखी एकदा मागेन.

तुझं पत्र आल्या दिवशीच मी वह्यांच्या खोलीत गेलो. ओंडका सापडला. अकरा वर्षं, मामी. सात मार्च, दुपार, ओंडका. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत मी हसत होतो, मग हसू थांबलं. दहा वर्षं उन्हाळ्यात धरण का भरत नाही म्हणून कचेरीनं तीन समित्या नेमल्या होत्या. एका समितीनं गळती शोधली. दुसरीनं शहरातल्या लोकांना कमी अंघोळ करायला सांगितलं. तिसरीचा अहवाल अजून यायचाय.

आणि तरीही मी साहेबांकडे गेलो नाही. दोन दिवस. आजीला न विचारता तिचं नाव घालवायचं मला जमेना, आणि विचारायचं तोंडही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो, तर आजी ठेवणीतली शाल पांघरून दारात उभी. म्हणाली, गाडी बोलाव. मी विचारलं, कुठे जायचंय? ती म्हणाली, 'तुझ्या मामीला इतकी वर्षं झाकता आलं नाही काही, तिच्या चेहऱ्यावर दिसतं. तुझ्याही दिसतंय. चल.'

साहेबांनी तिला ओळखल्यावर उभं राहून खुर्ची दिली. चहा मागवला. काचेतल्या पानाकडे हात करून म्हणाले, आजी, हे तुमचंच. आजी म्हणाली, हो, आणि यातलं निम्मं मी चुलीजवळ बसून लिहिलंय. साहेबांना वाटलं ती विनोद करतेय. तेव्हा मी अकराही वह्या टेबलावर मांडल्या, सात मार्चची पानं उघडून. साहेबांनी सगळी वाचली. मग उठून भिंतीवरच्या चौकटीची काच रुमालानं पुसली आणि तेही पान वाचलं. ते मार्चचं पान होतं. इतकी वर्षं ते नव्या लोकांना ओंडका दाखवत होते.

मग आजीनं सांगितलं, शब्द मी जसेच्या तसे लिहितो: 'तेव्हा मला पाय नव्हते आणि नदीला शिस्त होती, म्हणून निभावलं. आता नदीची शिस्त गेली. माझ्या सुनेला पाय आहेत आणि ती रोज उतरते. तिनं चढतंय म्हटलं म्हणजे चढतंय. मला काय करायचं ते नंतर करा, आधी दरवाजे लावा.'

काल दुपारी चार वाजता दरवाजे लावले.

आजी शेजारीच बसली आहे, तिच्या दोन ओळी: सूनबाई, अकरातले दोन ओंडके खरे आहेत. पहिला आणि चौथा. उगाच सगळे माझ्या माथी मारू नकोस. दगड खचला असं मी म्हणाले होते, ते मनाला लावून घेऊ नकोस.

आणि मामी, माफ कर. सासू-सुनेचं काहीतरी असेल असं मला वाटलं, ते लिहायला नको होतं.

तुझाच


६ एप्रिल

भाचेबुवा, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई,

आधी पाण्याचं. एकोणतीस तारखेला पहाटेच आवाज बदलला. अंथरुणातच कळलं. खाली गेले तर शेवटच्या चौदा पायऱ्या पाण्यात. चार मीटर दहा. अख्खी झाडं मुळांसकट चालली होती. पट्टीवर एकही अडकलं नाही, तसं शेऱ्यात लिहिलंय. तीन दिवस पाणी तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. शिंपी दुकान बंद करून बघायला आला, पंपवाला आला, तुझे मामासुद्धा ट्रक थांबवून आले आणि पूर्ण एक वाक्य बोलले. म्हणाले, 'हे सगळं खाली अडलं तर बरं होईल.' अडलं ना? त्यानंतर तुझं अक्षर नाही. कळव.

सासूबाई, तुम्ही गेलात हे वाचलं आणि मी पायरीवरच बसले. तुमच्यावर बालंट येईल म्हणून मी इतकं जपत होते, आणि तुम्ही शाल पांघरून थेट साहेबाच्या खोलीत. तुमच्याशी भांडायचं तरी कसं माणसानं? गुडघ्यांना तेल लावत जा. नातवाला सांगा, तो लावत नसेल तर मला कळवा.

तुझी माफी पोचली. पण चादर होती की कपडे, तो वाद अजून मिटलेला नाही.

मामी


२ जून

मामी,

उशीर झाला, कारण धरण पूर्ण मोजून होईपर्यंत थांबलो. तीन चतुर्थांश भरलंय. गेल्या वर्षी या दिवशी तळाचा चिखल दिसत होता. शहरात नळाला दोन्ही वेळ पाणी आहे आणि ते कशामुळे हे कुणालाच माहीत नाही. तुझं केंद्र चालू राहणार, तसा कागद वेगळा येईल. त्यावर 'महोदया' छापलेलं असेल, आधीच सांगून ठेवतो.

आजीचं काय झालं ते ऐक. तिच्या एकतीस वर्षांतलं खरं कोणतं आणि चुलीजवळचं कोणतं, हे कळल्याशिवाय नवीन तक्ता करता येत नाही. साहेबांनी हात टेकले. तर आजीला सगळं आठवतं. कुठल्या वर्षी गुडघा सुजला होता, कुठल्या वर्षी तू आलीस, कुठल्या वर्षी ती खरंच रोज खाली जायची. आता रोज दोन तास कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, हातात लाल पेन्सिल घेऊन. खऱ्या पानाला बरोबरची खूण, उतरवलेल्याला फुली. काल तिनं साहेबांना सांगितलं, तुमच्या कचेरीतला चहा पाण्यासारखा आहे. आजपासून चांगला मिळतो. मी चार वर्षं तोच चहा पीत होतो.

एक विचारायचं होतं. यंदाचे तुझे ऑगस्टचे आकडे महिना संपायची वाट न बघता पाठव. मार्चमध्ये पाणी आधी आलं ते कळलं. ते मागाहून कमी पडतं का, हे कुणालाच माहीत नाही, कारण गुडघे गेल्यापासून आजीच्या वह्यांत ऑगस्टला सगळ्या फुल्या आहेत आणि तुझी दोनच वर्षं आहेत.

तुझाच


१९ ऑगस्ट

भाचेबुवा,

ऑगस्टचे आकडे मागितलेस ना, मग घे. परवापासून मी लिहू शकत नाही, आणि दोष माझा नाही, तुमच्या पट्टीचा आहे. पट्टी शून्यापासून सुरू होते. पाणी शून्याच्या खाली गेलंय. पट्टी उभी आहे वाळूत, आणि नदी तिच्यापासून चार पावलं पलीकडे, खालच्या अंगाला वाहतेय. पट्टी बसवणाऱ्याला वाटलं असेल याच्या खाली पाणी कधी जाणार नाही. माझ्या लग्नाच्या वेळी गेलं नसतं. आता गेलं.

तुझ्या कचेरीत फोन केला, तू जागेवर नव्हतास. कुणीतरी उचलला आणि म्हणाला, मावशी, शून्याच्या खालचा रकाना नाही, तुम्ही शून्य लिहा. मी विचारलं, वाहतंय ते शून्य कसं? तो म्हणाला, मावशी, फॉर्म तसाच आहे. मी ठेवला फोन.

शून्य लिहिणार नाही. शिंप्याची टेप घेतली, पट्टीच्या बुडापासून पाण्याच्या अंगापर्यंत दोरी ताणली, ओळंबा लावला आणि मोजलं. परवा शून्याखाली चार सेंटीमीटर. काल सात. आज अकरा. रोज तीन-चार उतरतंय. मी शून्य, शून्य, शून्य लिहीत बसले तर तुझ्या साहेबाला वाटेल नदी ठरलेल्या जागी थांबून आहे, आणि तो धरणातलं पाणी त्या हिशेबानं सोडत राहील. एवढ्या मारामारीनं भरलेलं धरण ऑक्टोबरच्या आत रिकामं करायचंय का तुम्हाला? आपल्याकडे डोंगराआड पावसाळा पोचत नाही, वरून आता येतंय ते एवढंच आहे, आणि ते रोज कमी होतंय. हे त्याला आजच्या आज सांग.

मला लांब पट्टी पाहिजे. शून्याच्या खाली निदान एक मीटर आकडे असलेली, लाल रंगात, आणि ती रोवायला दोन माणसं. मंगळवारपर्यंत, पंचवीस तारखेला दुपारी बाराच्या आत, मला कागदावर उत्तर पाहिजे की पट्टी कुठल्या दिवशी निघाली. तोवर मी वहीच्या समासात लिहितेय, 'शून्याखाली अकरा', अक्षरांत. मंगळवारी बारा वाजता उत्तर आलं नाही, तर पंपवाल्याकडून सहा फुटी पाईप घेईन, खुणा मी कोरीन आणि नदीच्या मध्ये स्वतः ठोकीन. मग त्याच्यावरचे आकडे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे बसवायचे ते तुम्ही ठरवा. मंगळवार.

मामी